काकडांचं वाक्य

"आधी खा, मग नाव विचारा."

स्टीलचा चमचा समोरच्याच्या तोंडापासून वीतभर अंतरावर धरून बाई हे म्हणायच्या. डावा तळहात चमच्याखाली पसरलेला, भुवया वर. समोर प्राचार्य असोत की शिपाई, त्याला तोंड उघडावंच लागे. घास गिळला की मग नाव जाहीर व्हायचं. टाकळा. कुरडू. आघाडा. ते ऐकून माणसाचा चेहरा पालटला की बाईंना आपली भाजी खरी पोचल्यासारखं वाटे.

नाव आधी सांगितलं की कोणी खात नाही, असा त्यांचा अनुभव होता. आघाडा म्हटलं की लोकांना पूजेची पत्री आठवते आणि टाकळा म्हटलं की गटारीकडेचं तण. "नावानेच पोट भरतं यांचं," त्या म्हणायच्या.

नाशिकच्या एका कॉलेजात त्या गृहविज्ञान शिकवत आणि मी रसायनशास्त्र. तुम्ही ज्या ऑफिसात किंवा शाळेत आयुष्य काढलंत तिथेही असं एखादं माणूस असेल, जे आलं की खोलीचा आवाज बदलतो. आमच्याकडे आधी लूना थांबल्याचा आवाज यायचा, मग चपलांचा, मग दारातूनच, "काय इतिहास, जेवलात का?" सगळ्यांना त्या विषयावरून हाक मारत. इतिहास, भूगोल, अर्थशास्त्र. इंग्रजी शिकवणाऱ्या सरांना मात्र त्या "साहेब" म्हणत, आणि त्यांना ते खरंच वाटे. मी "अहो केमिस्ट्री" होतो.

बाई पेठकडच्या. डोंगरातल्या एका पाड्यावरच्या कोकणा आदिवासी कुटुंबातल्या. त्या पाड्यावरून पदवीपर्यंत शिकलेली पहिली मुलगी त्याच. नवरा सातपूरला एका कारखान्यात पाळीवर जायचा आणि त्या तिथूनच लूनावर येत. रविवारी एस.टी.ने माहेरी जायचं आणि सोमवारी सकाळी दोन पिशव्या भरून परतायचं हा त्यांचा नेम होता. एका पिशवीत भाजी, दुसरीत तपासलेल्या वह्या. कधीकधी वह्यांना लसणीचा वास यायचा, पण तक्रार करायची मुलींची हिंमत नव्हती.

"बाई, आज काय, गवत का?" इतिहासाचे सर चिडवायचे.

"गवत तुम्हाला पचायचं नाही, इतिहास. त्याला चार पोटं लागतात. तुमचं एकच आहे, पण आहे मोठं."

एका पावसाळ्यात कॉलेजच्या मैदानावर टाकळा माजला होता. तपासणी समिती यायची होती आणि प्राचार्य व्हरांड्यात उभे राहून ओरडत होते, हे रान कोण काढणार? बाईंनी वर्गातल्या मुलींना घेऊन कोवळे शेंडे खुडले. दुसऱ्या दिवशी डबा आणि चमचा घेऊन त्या प्राचार्यांच्या खोलीत गेल्या. सरांनी एक घास खाल्ला, मग पोळी मागवली.

"मेथी का हो?"

"नाही सर. आपलं ग्राउंड."

प्राचार्य इतके हसले की त्यांना ठसका लागला. त्या वर्षी समितीलाही टाकळ्याची भाजी मिळाली, अर्थात नाव नंतर सांगून.

बाई थापाही मारत. हे मुद्दाम सांगतो, कारण माणूस गेलं की आपण त्याला देव करून टाकतो, आणि मला ते करायचं नाही. भारंगीची भाजी खाते म्हणून आपल्या आईला अजून चष्मा नाही, हे त्यांनी आम्हाला इतक्या वेळा सांगितलं होतं की भूगोलाचे सर घरी भारंगी मागवू लागले. पुढे मी त्यांच्या माहेरी गेलो तेव्हा म्हातारी दारात आली ती जाड भिंगांचा, दोरीने बांधलेला चष्मा लावूनच.

"आये, तो काढ की," बाई हळूच म्हणाल्या.

"मंग कोण आलाय ता मला कसा दिसंल?"

बाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "हा जवळचं वाचायचा आहे." म्हातारीला अक्षरओळख नव्हती.

मी त्या पाड्यावर का गेलो, ते आता सांगायला हवं.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. अँटिऑक्सिडंट हा शब्द तेव्हा वर्तमानपत्रांतून नुकता घराघरात शिरत होता. आमच्या विभागप्रमुखांची निवृत्ती जवळ आली होती आणि त्या खुर्चीवर माझा डोळा होता. काहीतरी संशोधन नावावर हवं होतं. स्टाफरूममध्ये चमचा तोंडाशी आला असताना एकदा माझ्या मनात आलं की हे लोक वर्षानुवर्षं जे खातात, त्यात नेमकं आहे काय हे कोणीच मोजलेलं नाही. मी बाईंना विचारलं. त्यांनी चमचा माझ्या तोंडात घातला आणि म्हणाल्या, "तुम्ही मोजा, मी शिजवते."

पहिल्याच दिवशी भांडण झालं. बाई प्रयोगशाळेत डबा घेऊन आल्या.

"हे मोजा."

"बाई, यात तेल आहे, मीठ आहे, लसूण आहे. मी काय काय मोजू?"

"लोक जे खातात ते मोजा."

"शास्त्रात तसं नसतं. कच्चा नमुना घ्यायचा, सावलीत वाळवायचा, दळायचा, चाळायचा."

"मग लोकांनाही सांगा, सावलीत बसून पावडर खा."

शेवटी ठरलं की दोन्ही मोजायचं. कच्चं माझ्या पद्धतीने आणि शिजवलेलं त्यांच्या. आमच्या तपासणीत शेवटी एक निळा रंग यायचा. भाजीत ती गुणकारी द्रव्यं जितकी जास्त, तितका निळा गडद. बाईंना हे फार आवडलं. काचेच्या नळ्या उजेडाकडे धरून त्या साडीच्या रंगासारखी पारख करत. कुरडूत पालकापेक्षा सगळंच जास्त असतं हा त्यांचा दावा होता. एका बाबतीत पालक वरचढ निघाला तेव्हा त्या माझ्याशी बोलायच्या बंद झाल्या. स्टाफरूममध्ये मात्र मला ऐकू जाईल असं म्हणत राहिल्या, "केमिस्ट्रीने पालकाशी संधान बांधलंय."

ते दिवस चांगले होते. हे मी आज लिहितो. तेव्हा मला त्यांची घाई आणि आवाज यांचा थोडा त्रासच वाटायचा.

शेवळं ही भाजी तुम्ही सगळ्यांनी पाहिली नसेल. मृगाच्या आसपास डोंगरात जमिनीतून एक लांब कोंब वर येतो, सुरणाच्या जातीचा. चव मटणाच्या जवळ जाणारी. पण सुरणासारखीच खाज त्यातही असते, आणि जास्तच. ती मारायला काकडं लागतात. काकडी नव्हे, काकडं. ही त्याच दिवसांत धरणारी, आवळ्यापेक्षा लहान, हिरवी, आंबट रानफळं. दोन्ही एकत्र शिजवायची, बराच वेळ.

नमुन्यासाठी मी बाईंबरोबर पाड्यावर गेलो तेव्हा म्हातारीने पळसाच्या पानांत बांधलेली जुडी माझ्या हातात ठेवली. मी ती सोडली, शेवळं पिशवीत घातली आणि काकडं ओट्यावर ठेवली. म्हातारीने पिशवीच माझ्या हातातून काढून घेतली.

"एकली न्यायची नाय."

"अहो आजी, मला खायची नाहीत. तपासायची आहेत."

"काय करायचा ता करा. काकडां संगं न्या."

बाईंनी मग मला समजावलं. त्यांच्याकडे घरातून शेवळं एकटी बाहेर पाठवत नाहीत. लेकीच्या सासरी पाठवा की शेजारी द्या, काकडं त्याच पानात बांधायची. ज्या वर्षी काकडं धरली नाहीत त्या वर्षी शेवळं कोणी कोणाला देत नाही. कोणी एकटी पाठवलीच तर म्हणतात, तिने भांडण पाठवलं.

मी हसलो. नवराबायकोसारखं आहे की, असं काहीतरी बोललो. म्हातारी हसली नाही. तिने जुडी पुन्हा बांधून माझ्या हातात दिली आणि गाठ पक्की आहे ना ते ओढून पाहिलं.

तपासणी झाली. कच्च्या शेवळांच्या पावडरीचा निळा इतका गडद आला की मी नळी दोनदा धुऊन तपासणी पुन्हा केली. बाईंनी काकडं घालून शिजवलेल्या भाजीचा निळा मात्र फिकट, दुपारच्या आभाळासारखा.

"फिका तर फिका," बाई म्हणाल्या. "घसा तर वाचला."

पुढच्या वर्षी उन्हाळ्याच्या सुट्टीच्या सुमाराला एका स्थानिक दैनिकाने आरोग्य पुरवणीसाठी माझ्याकडे लेख मागितला. शेवळांचे दिवस तोंडावर होते, म्हणून मी त्यांच्यावरच लिहायचं ठरवलं. बाई माहेरी निघाल्या होत्या. लूना बंद न करताच त्या प्रयोगशाळेच्या दारात थांबल्या आणि म्हणाल्या, "अहो केमिस्ट्री, लिहून घ्या. हे पहिलं वाक्य." त्यांनी सांगितलं, मी लिहून घेतलं. "बाकी मग तुमचे निळे रंग घाला," म्हणाल्या आणि गेल्या.

घरी लेख पक्का करायला बसलो तेव्हा ते वाक्य मला पहिल्या जागी खटकलं. शास्त्रावरच्या लेखाची सुरुवात अशी स्वयंपाकघरातून कशी करायची? मी ते शेवटी नेलं. शेवटीही ते बरं दिसेना. माझा सगळा लेख त्या गडद निळ्याच्या भोवती होता, आणि काकडं घालून खूप शिजवा असं म्हटलं की वाचणारा विचारणार, मग तुमच्या त्या द्रव्यांचं काय उरलं? मी ते वाक्य खोडलं. त्या जागी माझं वाक्य घातलं. 'फार शिजवल्यास यातील गुणकारी द्रव्ये नष्ट होतात; म्हणून ही भाजी हलकेच वाफवून खावी.'

मला ठाऊक नव्हतं, असं म्हणायची सोय नाही. मी रसायनशास्त्राचा माणूस. सुरणाच्या कुळातल्या खाजेचे ते सुईसारखे स्फटिक असतात आणि नुसत्या वाफेने ते जात नाहीत, हे मला पुस्तकातून माहीत होतं. ते मी मोजलेच नाहीत. त्यांनी माझ्या लेखाची शोभा वाढली नसती. आणि कोणी रानातली भाजी पेपर वाचून खरंच करील, असं मला वाटलं नव्हतं. ही गोष्टही लाजेचीच आहे: लोकांनी खावं म्हणून लेख लिहिणाऱ्या माणसाला कोणी खाईल असं वाटत नव्हतं.

लेखाच्या डोक्यावर माझं नाव होतं. खाली, बारीक टायपात, 'पाककृती साहाय्य' म्हणून बाईंचं. ते मी माझ्या मनाने घातलं होतं आणि घालताना स्वतःच्या मोठेपणावर खूष झालो होतो.

लेख मंगळवारी आला. बुधवारी गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या, बाजारात पेठकडच्या बायका शेवळं घेऊन बसल्या होत्या. त्या दिवशी त्यांची शेवळं लवकर संपली आणि काकडं तशीच राहिली, हे मला नंतर कळलं. त्या बायका प्रत्येकाला काकडं देऊ करत होत्या. गंगापूर रोडवरून गाडीने आलेली माणसं म्हणत होती, "नको, पेपरात नाही लिहिलं ते."

सगळे बरे झाले, हे आधीच सांगतो. पण गुरुवारी सकाळपासून कॉलेजात फोन येऊ लागले. कोणाची जीभ सुजली, कोणाचा घसा सोलल्यासारखा झाला. आमच्या संस्थेच्या एका पदाधिकाऱ्यांच्या आईला दवाखान्यात दाखल केलं होतं. ओठ सुजून त्यांना बोलता येईना.

प्राचार्यांनी मला बोलावलं आणि बाईंना निरोप पाठवला. बाईंनी अजून लेख पाहिलेला नव्हता; पाड्यावर पेपर यायचा नाही. शुक्रवारी दुपारी त्या एस.टी.तून उतरून तडक आल्या. घामाने चेहरा डबडबलेला, हातात पिशवी. कशाला बोलावलंय याची कल्पना नव्हती. आत येताच त्यांनी पिशवी टेबलाजवळ ठेवली आणि म्हणाल्या, "सर, शेवळं आणलीत तुम्हाला. उद्या डबा." पिशवीतून पळसाच्या पानाची जुडी दिसत होती. काकडं वरच होती.

टाकळा खाऊन ठसका लागेपर्यंत हसलेले तेच प्राचार्य. त्यांनी पुरवणी बाईंच्या समोर सरकवली.

"हे हलकेच वाफवा कोणी सांगितलं?"

बाईंनी उभ्याउभ्या लेख वाचला. सावकाश, ओळीवरून बोट फिरवत. ते बोट शेवटच्या ओळींवर आलं, मग खाली त्यांच्या नावावर. त्यांनी पुन्हा वर जाऊन सुरुवात पाहिली. काहीतरी राहून गेलं असेल असं त्यांना वाटलं असावं. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. वर्गात उत्तर येणाऱ्या मुलीकडे बाई बघतात ना, तसं. सांग की, असं.

मी म्हणालो, "सर, विश्लेषणाचा भाग माझा आहे. पाककृतीचं... ते बाई बघत होत्या."

यातला प्रत्येक शब्द खरा आहे. म्हणूनच तो मला इतकी वर्षं पुरला.

बाईंनी पुरवणी मिटली. मग प्राचार्यांना म्हणाल्या, "माझ्याकडून गेलं असतं तर काकडांसकट गेलं असतं."

"काकडं म्हणजे काय?"

बाईंनी पिशवीकडे बोट दाखवलं. प्राचार्यांनी तिकडे बघितलंही नाही. "मला वनस्पतीशास्त्र नको. लेखी माफी द्या, म्हणजे विषय संपेल. दवाखान्यात कोण आहे, कळतंय ना?"

"मी केली नाही ती भाजी माझी म्हणून कशी सांगू सर?"

तेवढंच. त्या माझ्यावर बोट ठेवू शकत होत्या. त्यांनी ठेवलं नाही. मी सांगेन, यासाठी त्यांनी मला दुसऱ्यांदा वेळ दिला, असं मला वाटतं. मी टेबलावरच्या काचेखालचं वेळापत्रक वाचत होतो.

घरी बायकोने लेख पुढ्यात ठेवला. दरवर्षी बाईंनी दिलेली शेवळं काकडं घालून तीच करायची. "हे वाक्य त्यांचं नाही," ती म्हणाली. मी म्हटलं, झोप आता. पुढे तिने हा विषय कधी काढला नाही, आणि ती असेपर्यंत आमच्या घरी शेवळं पुन्हा शिजली नाहीत.

दैनिकाने आतल्या पानावर दोन ओळी छापल्या: पाककृतीत त्रुटी राहिली. आमचं संशोधन थांबलं. बाहेरून आणलेले पदार्थ स्टाफरूममध्ये वाटू नयेत अशी सूचना फळ्यावर लागली. गृहविज्ञान विभागाचं प्रमुखपद बाईंच्या हाताखालच्या बाईंकडे गेलं. माझं प्रमुखपद मला मिळालं. मुली त्यांना पाठीमागे 'विषारी मॅडम' म्हणू लागल्या आणि ते नाव पुढच्या तुकड्यांनाही मिळत गेलं, ज्यांना लेख वगैरे काही माहीत नव्हतं. स्टाफरूममध्ये कोणी बोललं, "शेवटी रानातलीच सवय." मी तिथेच चहा पीत होतो.

बाई डबा आणत राहिल्या. खिडकीजवळ बसून एकट्या खात. चमचा आता फक्त त्यांच्याच तोंडाशी जाई. आणि एक गोष्ट बदलली, जी माझ्याशिवाय कोणाच्या लक्षात आली नसेल. इतिहास इतिहासच राहिला, भूगोल भूगोल. मला मात्र त्या "सर" म्हणू लागल्या. "सर, हजेरीपट झाला का?" "सर, वर्ग रिकामा आहे." त्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

एकदा, बऱ्याच महिन्यांनी, सायकल स्टँडवर त्या लूनाचं पेडल मारत होत्या आणि ती सुरू होत नव्हती. मी जवळ गेलो. "बाई," म्हटलं, "त्या लेखातलं ते वाक्य मी—"

"मला माहीत आहे, सर."

"मला तुमची माफी—"

"मला काय सांगता?" त्यांनी पेडल मारायचं थांबवलं. "मला तर माहीतच आहे. ज्यांना माहीत नाही त्यांना सांगा."

लूना सुरू झाली. त्या गेल्या. मी स्टँडवर उभं राहून ठरवलं की उद्या प्राचार्यांना भेटायचं. दुसऱ्या दिवशी परीक्षेच्या कामाची बैठक होती. मग दिवाळी आली. मग प्राचार्य बदलले. नव्यांना त्या जुन्या गोष्टीत कशाला ओढायचं, असं मी स्वतःला सांगितलं. माणसाला स्वतःची समजूत घालायची असली की कॅलेंडर फार मदत करतं.

काही वर्षांनी बाई निवृत्त झाल्या. निरोप समारंभ जूनमध्ये, कॉलेज उघडल्यावर ठेवला होता. त्यांच्यावर बोलायचं काम माझ्याकडे आलं, कारण तोवर मी ज्येष्ठ झालो होतो. मी हसतमुख म्हणालो, कष्टाळू म्हणालो, डोंगरातून येऊन स्वतःची वाट काढणाऱ्या म्हणालो. टाळ्या झाल्या. भाज्यांबद्दल मी एक शब्द काढला नाही. लोकांना ते सौजन्य वाटलं असेल.

बाई उत्तराला उभ्या राहिल्या. फक्त "सांभाळून घेतलंत" म्हणाल्या आणि बसल्या. मग वेफर्स आणि पेढ्याच्या बशा फिरल्या. तेवढ्यात त्यांनी पिशवीतून डबा काढला, उघडला आणि टेबलावर मधोमध ठेवला. शेवळांची भाजी होती. तो आंबटसर, तेलकट वास मी इतक्या वर्षांनीही ओळखला. कोणीतरी घड्याळ बघितलं, कोणी पेढ्याची बशी जवळ ओढली.

बाईंनी चमचा भरला. डावा तळहात खाली धरला. आणि तो चमचा माझ्यासमोर आणला. या वेळी त्या काही बोलल्या नाहीत.

ती भाजी मी आधी कितीतरी वेळा खाल्ली होती. तिने कोणाला काही होत नाही, हे त्या खोलीत बाईंखालोखाल मलाच ठाऊक होतं. तो एक घास खाल्ला असता तर कदाचित बाकीच्यांनीही खाल्ला असता. भाषण करायला नको होतं, कबुली नको होती. नुसतं तोंड उघडायचं होतं.

"ॲसिडिटी आहे हो हल्ली," मी म्हणालो.

बाईंनी मान हलवली. चमचा मागे घेतला आणि स्वतः खाल्ला. मग खुर्ची ओढून बसल्या आणि तो सगळा डबा, घाई न करता, आमच्यासमोर संपवला. कडेला लागलेला रस्साही बोटाने निपटून घेतला. झाकण लावलं, पिशवी उचलली आणि "येते" म्हणून निघाल्या. बराच वेळ लूनाचा आवाज आला नाही. नंतर कळलं की लूना त्यांनी आधीच विकली होती. त्या फाटकाबाहेर रिक्षाची वाट बघत उभ्या होत्या. आमच्यापैकी कोणी सोडायला गेलं नव्हतं.

त्यानंतर मी त्यांना पाहिलं नाही.

आता माझे दिवस मोजके उरलेत. आम्हा कॉलेजातल्या आजीमाजी लोकांचा मोबाइलवर एक ग्रुप आहे. गेल्या पावसाळ्यात त्यावर बाई गेल्याची बातमी आली. खाली हात जोडल्याची चित्रं येऊ लागली. त्यांत एका जुन्या विद्यार्थिनीने, जी पुढे आमच्याच कॉलेजात शिकवू लागली होती, विचारलं: 'त्या विषारी भाजीवाल्या मॅडम का?' दोघातिघांनी उत्तर दिलं: 'हो, त्याच.' आणि पुन्हा हात जोडले.

मी मोबाइल हातात धरून बसलो होतो. ज्यांना माहीत नाही ते सगळे तिथे एकत्र होते. मी लिहिलं, 'ती चूक माझी होती.' मग कोणी काय काय विचारील ते डोळ्यांपुढे आलं आणि मी ते पुसलं. म्हातारपणी माणूस धीट होतो म्हणतात. मला तसा अनुभव नाही.

नंतर मी त्यांच्या मुलीचा नंबर मिळवून फोन केला आणि तिला सगळं सांगितलं. मी म्हटलं, मी हे छापून आणणार आहे, तुमच्या आईंच्या नावानिशी.

"आईचं नाव त्या गोष्टीत एकदा छापून आलंय," ती म्हणाली. "पुन्हा नको. तुमचं घाला."

म्हणून या लेखात बाईंचं नाव नाही. माझं वर आहे.

आजकाल शहरात रानभाज्यांचे महोत्सव भरतात. परवा एकात गेलो होतो. भिंतीवर तक्ते लावलेले, कोणत्या भाजीत कोणती द्रव्यं ते रंगीत अक्षरांत. एका कोपऱ्यात पेठकडची एक बाई शेवळं घेऊन बसली होती. मी घेतली. तिने जुडीत न विचारता काकडं घातली आणि पानाची गाठ ओढून पाहिली. घरी आणून मी ती स्वतः केली. बायको आता नाही. ताट वाढून घेतलं आणि पहिला घास बराच वेळ हातात धरून बसलो.

बाईंनी लूना बंद न करता, दारात उभं राहून सांगितलेलं पहिलं वाक्य मला अजून पाठ आहे. ते जिथे छापायचं होतं तिथे मी छापू दिलं नाही. इथे ते शेवटी येतंय. पहिलं यायला हवं होतं.

"शेवळं काकडांशिवाय करू नका. काकडं मिळाली नाहीत तर त्या वर्षी शेवळं खाऊ नका."